मावशी यायच्या आत तंबूत शिरा

म्हसवडच्या रथाला आमचा शाळेतला कंपू अजून जमतो. कुणी पुण्याहून येतं, कुणी विट्याहून, एकजण तर सोनं गाळायच्या गलाईच्या दुकानाला कुलूप लावून थेट कोइमतूरहून. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला सिद्धनाथ-जोगेश्वरीच्या रथाचं दर्शन झालं, गुलाल-खोबऱ्यानं डोकी लाल झाली, की रात्री तमाशा ठरलेला. पोटभर हसायचं आणि खिशाला चटका बसू द्यायचा नाही, एवढाच बेत.

एका वर्षी हा बेत पुरता फसला. आमच्यातल्या एकाला सगळ्यातलं सगळं कळतं. तो म्हणाला, "आरं, गण-गवळण काय बघायची? म्हाताऱ्यांचं काम त्ये. निवांत जेवू, रंगबाजीला जाऊ." तिकीट काढून आत शिरलो तेव्हा मावशी पदर सावरत पडद्याआड निघाली होती. पुढची जमीन भरलेली. आम्ही मागे, कनातीला पाठ लावून, कर्ण्याच्या तोंडाशी. बराच वेळ सिनेमाची गाणी चालली. मग गारठा सोसेना, निम्मे उठून गेले. उरलेल्यांच्या वाट्याला वग आला तो घाईघाईत गुंडाळलेला. बाहेर पडताना तोच गडी म्हणतो, "तमाशात आता इनोद ऱ्हायला न्हाई."

विनोद होता. नेमका तेवढाच वगळून आम्ही बाकी सगळं बघितलं होतं.

तमाशाची मांडणी ज्याला ठाऊक नाही त्याचे पैसे असेच जातात. आधी गण, मग गवळण, मग बतावणी, गाण्या-नाचाची रंगबाजी आणि शेवटी वग, म्हणजे कथानाट्य. गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्ण आणि पेंद्या अडवतात, आणि गवळणींची म्होरकी म्हणून नऊवारी नेसलेला बाप्या मावशी होऊन येतो. रात्रीतलं पहिलं खळखळून हसू इथं आहे. बतावणी म्हणजे दोघांची नुसती तोंडाची लढाई. आणि वगात राजा, प्रधान, पाटील कुणीही असोत, लोक वाट बघतात ती हसवणाऱ्या सोंगाड्याची. तिकीट रंगबाजीपुरतं असल्यासारखे लोक उशिरा येतात नि लवकर उठतात. दर तोच पडतो, माल मात्र निम्माच पदरात.

म्हणून तंबू निवडताना बाहेरच्या फलकावरच्या नाचणाऱ्या पोरींवर जाऊ नका. दुपारी फडाची गाडी भोंगा लावून गावातून फिरते, तेव्हा दोनच गोष्टी विचारा: आज वग कुठला आणि सोंगाड्या कोण. आमच्या वडिलांची पिढी असंच करायची. सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू, म्हणजे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ, 'जहरी प्याला' वगात हवालदार होऊन उभे राहिले की कोणता काळू नि कोणता बाळू यावरच तंबू हसायचा. दादू इंदुरीकरांच्या 'गाढवाचं लग्न'मधल्या सावळ्या कुंभारासाठी लोक तोच वग पुन्हा बघायचे. वग एकच असला तरी सोंगाड्याचं बोलणं गावागणिक बदलतं. तुमच्या गावची पाणीटंचाई आणि झेडपीची निवडणूक रात्री वगात कशी शिरली हे कळत नाही. नाटकाच्या तिकिटात असला जादा माल मिळत नाही.

आता वेळेचं. रात्री दहानंतर कर्ण्याला बंदी आहे, 2000 सालच्या नियमांनुसार. ठरावीक दिवसांपुरती बारापर्यंत सूट मिळते. पूर्वी वग पहाटेपर्यंत चालायचा, हल्ली घड्याळ बघून कापतात. तेव्हा तिकिटाच्या खिडकीवर आधी विचारून घ्या, परवानगी किती वाजेपर्यंतची आहे आणि पडदा कधी उघडणार. खेळ उशिरा सुरू होणार असेल तर वगाला कात्री लागलीच म्हणून समजा.

खुर्चीला जादा पैसे मागत असतील तर देऊ नका. रंगमंचाला लागून जमिनीवर बसा. सोंगाड्या पुढच्या रांगेशीच बोलतो, तिथल्याच माणसाची टोपी उडवतो. म्हसवड घोंगड्यांचं गाव आहे, एक अंगाखाली नि एक अंगावर घेऊन बसलात की माणदेशी थंडीचं काही चालत नाही.

मित्रांचा घोळका असला की पैसा जातो तो तिकिटात नव्हे, दौलतजादेत. एकानं गाण्याला पन्नास दिले की दुसऱ्याला शंभर द्यावेसे वाटतात, आणि माइकवरून नावं पुकारण्यात वगाची वेळ खर्ची पडते. आम्ही आता आधीच वर्गणी काढतो नि ती सोंगाड्याच्या नावानं एकदाच देतो. देताना एकमेकांची उलटीसुलटी नावं सांगतो. त्या नावांचं तो जे करतो ते वेगळंच.

मैत्रिणी, बहिणी बरोबर असतील तर तिकिटाच्या तंबूतली गर्दी आधी डोळ्यांनी बघा. बायका बसलेल्या दिसल्या नाहीत तर पुढं होऊ नका. त्यापेक्षा चैत्रातल्या गावजत्रा बऱ्या. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे पंच तिथं जाऊन सुपारी देतात. गावानं सुपारी दिलेला खेळ सगळ्यांना फुकट असतो. आणि बऱ्याच गावांत रात्रीच्या खेळानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी हजेऱ्या, म्हणजे दिवसाचे खेळ, होतात. ढळढळीत उन्हात, ना रंगीत दिवे, ना थाटमाट. अशा वेळी सोंगाड्याला नुसत्या जिभेवर भागवावं लागतं. मला विचाराल तर खरा कस तिथंच लागतो. स्कॉटलंडात एडिंबरोच्या ऑगस्टमधल्या महोत्सवात विनोदाचे असे फुकट खेळ होतात म्हणे, शेवटी दारात बादली धरतात नि ज्याला जे वाटेल ते तो टाकतो. हजेरीला बादली नसते, पण दहा-वीस रुपये हातावर ठेवायला कुणी अडवत नाही.

फुकटाचा एक प्रकार मात्र आम्ही आमच्या कंपूत बंद केलाय, कनात उचलून खालून सरकायचा. मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसं असतात, वर ट्रक, जनरेटर, डिझेल. दसऱ्यानंतर बाहेर पडलेल्या या लोकांची वैशाखापर्यंतची भाकरी त्या खिडकीवरच्या गल्ल्यातून निघते. गावची सुपारी असेल तर हक्कानं फुकट बसा. तंबूला तिकीट असेल तर काढा, आणि शेवटचा प्रवेश संपेपर्यंत उठू नका. परतीची एसटी सकाळचीच धरायची हे घरी आधी सांगून ठेवा.