फारशी बोलण्याचा पहिला पाठ

पेण-रोह्याकडील जुन्या घरांत जमिनीचे जीर्ण कागद जपून ठेविलेले असतात. त्यांत ‘कसबे पेण’, ‘मौजे अमुक’ असा मजकूर आढळतो. रोह्याजवळच्या गडासही ‘किल्ले अवचितगड’ म्हणण्याची चाल आहे. या शब्दांच्या शेवटचा ‘ए’ फारशी असून तो दोन शब्दांस जोडतो. इराणांत कुशल विचारतांना ‘हाले शोमा चेतोर अस्त?’ म्हणतात, त्यांतील ‘हाले’मध्यें तोच ‘ए’ आहे. फारशी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द मिळावे म्हणून शिवछत्रपतींनीं राज्यव्यवहारकोश करविला, तरी ‘किल्ले रायगड’ म्हणतांना हा चिमुकला ‘ए’ अद्यापि ऐकूं येतो.

फारशींत क्रियापद मराठीप्रमाणेंच शेवटीं येतें. ‘मन नान मीखोरम’ म्हणजे ‘मी पोळी खातों.’ येथें ‘मन’ हाच आपला ‘मी’. ‘मीखोरम’मधील ‘मी’ हा केवळ क्रियापदाचा उपसर्ग होय. तो आणि ती या दोहोंस ‘ऊ’ हें एकच सर्वनाम पुरतें. लिंगविचाराच्या पाठास कंटाळलेल्या आमच्या विद्यार्थ्यांस हें वर्तमान गोड वाटेल!

खरा घोटाळा ओळखीचे शब्दच करितात. ‘खूब’ म्हणजे चांगलें. पुष्कळ या अर्थीं ‘खेइली’ म्हणावें. ‘गोलाब’ म्हणजे गुलाबपाणी, फूल नव्हे. ‘हफ्त’ म्हणजे सात, म्हणून ‘हफ्ते’ म्हणजे आठवडा, सावकाराचा हप्ता नव्हे. आणि ‘दारू’ म्हणजे औषध! तेहरानांत कोणी ‘दारू कोठें मिळेल?’ असें विचारील, तर लोक त्यास औषधाच्या दुकानाची वाट दाखवितील.

माधव जूलियन यांचा १९२५ सालचा फारशी-मराठी कोश घरचे कागद लावण्यास मोठा उपयोगी आहे. परंतु बोलणें केवळ कोशावरून येत नाहीं. लिहिलेला ‘नान’ तेहरानच्या बोलण्यांत ‘नून’ होतो, ‘अस्त’चा नुसता ‘ए’ उरतो, आणि वरील कुशलप्रश्न ‘हालेतून चेतोरे?’ इतका आटोपशीर होतो. म्हणून प्रथम पांचदहा वाक्यें दोघांनीं मिळून मोठ्यानें म्हणावीं, अंक मोजावे: येक, दो, से, चहार, पंज, शेश, हफ्त, हश्त, नोह, दह. लिपि त्यानंतर घ्यावी, असें आम्हांस वाटतें. ती उजवीकडून डावीकडे लिहितात, व ऱ्हस्व स्वर तींत बहुधा लिहीतच नाहींत; आमचा तो ‘ए’ देखील पुष्कळदां वाचणारानें मनानेंच घालावा लागतो.