कुशल

मुलांनो, आपले काम उत्तम करणाऱ्या माणसाला आपण कुशल म्हणतो. कुशल सुतार, कुशल शिंपी, कुशल कोळी. हा शब्द संस्कृतातून मराठीत आला.

कुश हे एक गवत आहे. त्यालाच दर्भ म्हणतात. ते पूजेला लागते. त्याच्या पात्यांच्या कडा धारदार असतात. घाईने ओढले तर बोट कापते. उसाचे पान हाताला लागले की कसे चरचरते, ते तुम्हांला ठाऊक आहेच! हात न कापता कुश तोडून आणणारा तो कुशल, असा अर्थ जुने पंडित सांगत. पुढे कोणतेही काम नीट करणाऱ्याला कुशल म्हणू लागले. कुशलपासून कौशल्य हा शब्द झाला.

१८३४ सालानंतर आपले अनेक पूर्वज मुंबई बंदरातून जहाजाने मॉरिशसला आले. त्यांनी मळ्यांत ऊस तोडला. रोजच्या सरावाने त्यांचे हात कुशल झाले. कौशल्य कोणी जन्मताच आणत नाही. ते लक्ष देऊन आणि सराव करून मिळते.

स्वाध्याय
१. कुशाच्या पात्यांच्या कडा कशा असतात?
२. कौशल्य कशाने मिळते?
३. 'कुशल' हा शब्द वापरून एक वाक्य लिहा.