ताप नव्हे, श्वास मोजा

प्रश्न : दीड वर्षाच्या मुलीला तीन दिवसांपासून सर्दी, खोकला, ताप आहे. न्यूमोनिया तर नसेल?

उत्तर : तापाच्या आकड्यापेक्षा श्वासावरून जास्त कळतं. ती शांत किंवा झोपलेली असताना झबलं वर करून पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा. रडताना मोजलेला आकडा फसवा असतो. या वयात मिनिटाला ४० किंवा अधिक श्वास असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. श्वास घेताना फासळ्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, ती काहीच पीत नसेल किंवा गुंगीत असेल, तर मध्यरात्र असली तरी थेट रुग्णालय गाठा.

बहुतेक सर्दी-खोकला विषाणूंमुळे होतो, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. मागच्या आजारातली उरलेली बाटली कृपा करून उघडू नका.