आधी दाखवा, मग बदला

नोकरीसाठी नोएडात आलेल्या मराठी कुटुंबाला घर आणि मुलांची शाळा मिळते, पण भरवशाचा मेकॅनिक सहज मिळत नाही. गावाकडे वडिलांच्या स्कूटरपासूनचा ओळखीचा मिस्त्री असतो. इथे ओळख नसते, म्हणून माणूस पारखण्याची रीत आपल्यालाच ठरवावी लागते. मला ती एका उन्हाळ्यात उमगली.

मे महिना होता, पारा 45 अंशांकडे चालला होता. गाडी पळत असताना एसीची हवा गार यायची, सेक्टर 62 च्या सिग्नलला थांबलं की कोमट. एका गॅरेजात बॉनेट उघडण्याआधीच निकाल लागला, "साहब, कंप्रेसर गया." कोणती तपासणी केली, असं विचारलं आणि खर्चाचा अंदाज लेखी मागितला. दोन्ही मिळेनात, तेव्हा मी गाडी बाहेर काढली. दुसऱ्या मिस्त्रीनं इंजिन चालू ठेवून एसी लावला आणि मला पुढे बोलावलं. कंडेन्सरचा पंखा फिरतच नव्हता. त्याचा रिले जळला होता. पळत्या गाडीत समोरचा वारा कंडेन्सरला थंड करतो, म्हणून बिघाड गाडी थांबल्यावरच जाणवायचा. हजारोंचं सांगितलेलं काम शेकड्यांत झालं. जळका रिले त्यानं न मागता माझ्या हातात ठेवला.

तेव्हापासून माझी कसोटी एकच आहे: बिघाड डोळ्यांनी दाखवतो तो मेकॅनिक माझा. गोड बोलणं, चकचकीत दुकान किंवा कमी दर यांवरून प्रामाणिकपणा कळत नाही.

गाडी देताना लक्षण सांगा, निदान सांगू नका. "गाडी थांबल्यावर एसीची हवा गार येत नाही" एवढं पुरे. "गॅस भरा" म्हणालात तर गॅसच भरला जाईल. हा गॅस बंद नळ्यांतून फिरतो, वापरानं संपत नाही. तो कमी झाला असेल तर गळती कुठे आहे, हे आधी शोधायला लावा. ब्रेक पॅड बदलायला सांगितले तर चाक उतरवून उरलेली जाडी पाहा. तीन मिलिमीटरच्या आसपास असेल तर बदलणं योग्यच.

काम सुरू होण्याआधी जॉब कार्ड लिहून घ्या आणि वाढीव काम फोनवर विचारल्याशिवाय करायचं नाही, हे त्यावर नोंदवा. दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या बाजारात अस्सल माल मिळतो तसा नकलीही. म्हणून सुट्या भागाचा खोका, पार्ट नंबर आणि छापील किंमत बघा. जुना भाग परत घ्या. पक्कं बिल मागाच. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. फसवणूक झालीच तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

"बाहेर काम केलंत तर वॉरंटी जाईल" या धाकानं अनेकजण स्वतंत्र गॅरेजकडे फिरकत नाहीत. शमशेर कटारिया यांनी 2011 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे नेलेलं प्रकरण अशांनी जाणून घ्यावं. सुटे भाग आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल आयोगानं 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 कार कंपन्यांना सुमारे 2,545 कोटींचा दंड केला. स्वतंत्र मेकॅनिककडे गेल्याच्या एकाच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असंही बजावलं. वाद पुढे अपिलात गेला, तरी ग्राहकाच्या निवडीचा मुद्दा त्यातून ठळक झाला.

गाडी चांगली असतानाच मेकॅनिक शोधा. ऑइल बदलण्यासारखं लहान काम देऊन त्याची रीत पाहा. आणि खरा माणूस सापडला की घासाघीस न करता त्याची मजुरी द्या, चार शेजाऱ्यांना त्याचं नाव सांगा. प्रामाणिक कारागीर आपल्या शहरात टिकवणं हेही ग्राहकाचंच काम आहे.