दगडाच्या पोटातील पाणी : एक राहून गेलेली दुरुस्ती

आपल्या निवासी विद्यालयाच्या प्रयोगशाळेत, काचेच्या कपाटातील खालच्या फळीवर एक काळा दगड ठेवलेला आहे. गावाकडे विहिरीचे खोदकाम चालू असता निघालेला हा दगड एका विद्यार्थ्याने दिवाळीच्या सुट्टीहून परतताना आणला होता. त्याच्या पोटातील पोकळीत पांढरेशुभ्र स्फटिक होते आणि स्फटिकांच्या मागे हिरवट अस्तर. आम्ही इतिहासाचे शिक्षक. परंतु त्या दिवशी विज्ञानाचे गुरुजी रजेवर होते, म्हणून मुलांनी प्रश्न आम्हांस विचारला. लाव्हारस थंड होताना दगडाबरोबरच स्फटिक जन्मले, सबब दोहोंचे वय एकच, असे उत्तर आम्ही ठामपणे दिले. ते चुकीचे होते. त्या तुकडीतील मुले आज स्वतः पालक आहेत आणि ही स्मरणिका त्यांच्या हाती पडेल, म्हणून दुरुस्ती येथेच करतो.

रिसोडपासून कारंज्यापर्यंत आपल्या वाशीम जिल्ह्याच्या काळ्या मातीखाली बेसॉल्ट हा अग्निजन्य खडक पसरलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार घडले. लाव्ह्यातील वायूंच्या बुडबुड्यांनी थरांत पोकळ्या राहिल्या. पुढे भेगांतून पाणी झिरपले. त्याने खडकातील सिलिका, कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम विरघळवून घेतले आणि पोकळ्यांत झिओलाईट, कॅल्साइट, गारगोटी यांच्या रूपाने ते पुन्हा साठवले. पाणी निघून गेले. मग ते कोणते होते, केव्हा आले, गरम होते की थार, हे कशावरून ठरवावे?

येथे साक्षीस येतात समस्थानिके, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू. ऑक्सिजनाच्या हजार अणूंपैकी जेमतेम दोन अणू १८ वजनाचे, एखाददुसरा सोडला तर बाकीचे १६ वजनाचे. पाण्यात खनिज तयार होताना दोघांत जड ऑक्सिजनाची वाटणी होते. पाणी थंड असेल तर खनिज जड अणूंचा मोठा वाटा उचलते. तापमान वाढते तसतसा हा पक्षपात कमी होत जातो. सागरजलाच्या मापाशी तुलना करता ताज्या बेसॉल्टमध्ये जड ऑक्सिजन हजारी साडेपाच-सहाने अधिक असतो. थंड पाण्यात वाढलेल्या खनिजांत तो हजारी वीस वा त्याहूनही अधिक भरतो. पावसाचे पाणी मात्र मुळातच हलके, कारण बाष्प होताना जड रेणू मागे राहतात आणि ढगातून ते आधी गळतात. तेव्हा तापलेल्या पावसाच्या पाण्याने खडक बदलला असेल, तर त्याचा आकडा सहाच्याही खाली उतरतो. स्कॉटलंडमधील स्काय बेटाच्या अग्निजन्य खडकांत टेलर आणि फॉरेस्टर यांनी १९७१ साली नेमके हेच दाखवले. पावसाचे पाणी जमिनीत खोल उतरून तप्त शिलारसाभोवती फिरले होते.

अडचण अशी की आकडा एक आणि अज्ञाते दोन: पाण्याचे तापमान आणि पाण्याचे मूळ. म्हणून अभ्यासक हायड्रोजन आणि स्ट्रॉन्शियम यांचीही साक्ष घेतात. एका साक्षीदारावर निकाल न देण्याची ही रीत इतिहासाच्या माणसास परकी वाटत नाही.

आमची चूक उघडी पाडली ती रुबिडियमने. अपोफिलाइट या स्फटिकात पोटॅशियमसोबत थोडे रुबिडियम शिरते आणि ते अतिशय सावकाश स्ट्रॉन्शियममध्ये बदलते. या घड्याळाने दख्खनमधील अपोफिलाइटची वये मोजली, तेव्हा ती लाव्ह्याहून कोट्यवधी वर्षांनी कमी निघाली. खडक केव्हाच थंड झालेला होता. पाणी त्याच्या पोटात नंतरही खेळत राहिले, तेही एकदाच नव्हे.

याचा परिणाम खुद्द लाव्ह्याच्या वयावर होतो. बेसॉल्टचे वय पोटॅशियमपासून बनणाऱ्या आर्गॉन वायूवरून काढतात. पाण्याने चिकणमातीची खनिजे तयार केली, की पोटॅशियम बाहेरून येते, साठलेला आर्गॉन निसटतो आणि दगड आपले वय खोटे सांगतो. ताम्रपटावर मागाहून कुणी ओळी कोराव्यात, तसेच हे. डायनोसॉरांच्या अंताशी दख्खनच्या लाव्ह्याचा संबंध जोडायचा, तर असा दगड आधी ओळखून बाजूला काढावा लागतो. अजॉय बक्षी यांनी त्यासाठी आर्गॉनचाच दुसरा समस्थानिक, ३६ वजनाचा, वापरला. बदललेल्या खडकात हवेतील हा आर्गॉन अधिक सापडतो. आपल्या शेजारच्या लोणारला तर अशनीच्या आघाताने तापलेल्या पाण्याने फुटका बेसॉल्ट आणखी एकदा बदलला आहे. तेथील दगड उचलताना दुप्पट सावध असावे.

राहिले ते हिरवे अस्तर. दख्खनच्या पोकळ्यांत असे अस्तर बहुधा सेलाडोनाइटचे असते. पोटॅशियम आणि लोह असलेले हे खनिज पाण्यानेच घडवलेले. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील हिरवा रंग अशाच हिरव्या मातीचा आहे. निळ्यासाठी वैदूर्य दूर बदख्शानहून आणावे लागले. हिरवा मात्र ज्या खडकात भिक्खूंची लेणी कोरली, त्याच जातीच्या खडकाच्या पोटात होता. सहलीत आम्ही कित्येक तुकड्या तेथे नेल्या. चित्रे दाखवली, जातके सांगितली, पण छतातील पांढऱ्या ठिपक्यांकडे आणि त्या हिरव्या रंगाच्या उगमाकडे कधी बोट दाखवले नाही.

कपाटातील दगडाखाली आमच्याच अक्षरात 'लाव्हा व स्फटिक, ६.६ कोटी वर्षे' अशी चिठ्ठी होती. ती काढून नवी लावली आहे : 'खडक ६.६ कोटी वर्षांचा. स्फटिक त्यानंतरचे, वय मोजलेले नाही.'