वाघासाठी घेतलेली लेन्स

चंद्रपुरात कोण्या पोराने कॅमेरा घ्यायचं काढलं की पहिला प्रश्न ठरलेला : वाघ किती जवळ दिसेल? मित्र हेच विचारतात, दुकानदार हेच गृहीत धरतो. ताडोबाच्या गाभा क्षेत्रात पर्यटकांना मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे प्रश्नाला आणखी वजन येतं. मग कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स नको म्हणून सांगायचं आणि त्या पैशात भर घालून ५५-२५० मिलिमीटरची टेली घ्यायची. वर्षभराने तीच लेन्स ‘कोणी घेणारं आहे का भाऊ?’ म्हणत माझ्याकडे येते. मी लग्नाचं शूटिंग करतो, हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांचं करतो, आणि यूट्यूबवर चॅनल सुरू करणारी आसपासची पोरं सल्ल्याला येतात.

मूल तालुक्यातल्या एका मुलाचं उदाहरण सांगतो. त्याच्या डोक्यात कल्पना फार चांगली होती : पावसाळ्यातल्या रानभाज्या. तरोटा, कुड्याची फुलं, वास्ते, आणि ते चुलीवर शिजवणारी आई. हातात लेन्स मात्र टेली. सयपाकाची खोली लहान. ५५ वर दोन मीटरवरून पाहिलं तर चौकटीत जेमतेम ऐंशी सेंटिमीटरची रुंदी मावते. आईचा चेहरा आला तर चूल जाते, चूल आली तर आई जाते. म्हणून तो मागे सरकत सरकत ओसरीत गेला आणि दारातून शूटिंग करू लागला. चित्र बरं आलं. आवाज गेला. कॅमेऱ्यावरच्या माइकमध्ये कोंबड्या, रस्त्यावरचा ट्रॅक्टर, शेजारचा टीव्ही सगळं नीट ऐकू येत होतं. आई काय सांगते तेवढं सोडून. आई शेवटी म्हणाली, “येवढ्या दुरून कोणाशी बोलू बाप्पा मी?”

या वाक्यातच लेन्स निवडायची सगळी गोम आहे. तुम्ही आणि समोरचा माणूस यांच्यात किती अंतर राहणार, हे लेन्स ठरवते. ते अंतर आधी ठरवा, मग दुकानात जा.

हिशेब सोपा आहे. सेन्सरची रुंदी गुणिले अंतर, भागिले लेन्सचे मिलिमीटर. नवशिके घेतात त्या कॅननच्या एपीएस-सी कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २२ मिलिमीटर रुंद असतो. सोनी, निकॉन, फुजीचा थोडा जास्त. कॅमेरा स्वतःकडे वळवून हातात धरला तर चेहऱ्यापर्यंतचं अंतर साठ सेंटिमीटरच्या आसपास. किट लेन्सच्या १८ वर तिथे पाऊण मीटर रुंदी मिळते, म्हणजे चेहरा आणि खांदे. त्यात चित्र स्थिर करायचा डिजिटल पर्याय चालू केला की कडा आणखी कापल्या जातात. काही कॅमेरे फोर-केमध्येही कापतात. राहतो तो नुसता चेहरा. मागे मार्कंड्याचं देऊळ आहे की बल्लारपूरचं स्टेशन, काही कळत नाही. तेच १० मिलिमीटरवर सव्वा मीटरच्या वर रुंदी येते, माणूसही दिसतो आणि जागाही. चालत-बोलत व्हिडिओ करायचा असेल तर एपीएस-सीवर १०-१८ किंवा तत्सम वाइड झूम ही पहिली खरेदी. बोलणं बसून, तिपाईवर कॅमेरा ठेवून असेल तर किट लेन्स पुरते. तिला उगीच नावं ठेवली जातात.

पैसे घालण्याआधी एक फुकटची परीक्षा करून पाहा. मोबाइलचा मुख्य कॅमेरा एपीएस-सीवरच्या साधारण १६-१७ मिलिमीटरइतकं पाहतो, आणि ०.५ चं बटण साधारण ८-९ इतकं. आठवडाभर मोबाइलवरच व्हिडिओ करा आणि नंतर बघा बोट कुठल्या बटणावर जास्त जात होतं. दुकानदारापेक्षा हे उत्तर जास्त खरं.

आता उजेडाचं. आपल्याकडची बघण्यासारखी कामं नेमकी उजेड नसताना होतात. मोहफूल वेचायला बाया झुंजुरकाच निघतात. ऊन चढेपर्यंत टोपल्या भरून काम आटोपलेलं असतं. झाडीपट्टीचं नाटक रात्री उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यापासून वडसा-कुरखेड्याकडे कॅमेरे घेऊन येणारे वाढले, आणि त्यातले अर्धे तरी दाणेदार, चिखलासारखा व्हिडिओ घेऊन परत जातात. कारण किट लेन्स झूम केली की तिचं छिद्र एफ ५.६ पर्यंत बारीक होतं. ५० मिलिमीटर एफ १.८ ही स्वस्तातली प्राइम त्यापेक्षा जवळपास दसपट उजेड आत घेते. मंचापासून दहा मीटरवर बसलात तर तिच्या चौकटीत साडेचार मीटर येतात, म्हणजे नायक, खलनायक आणि मधे अडकलेली आई आरामात. नाटक मंडळीची परवानगी मात्र आधी घ्यायची. त्यांचं पोट त्या प्रयोगावर आहे. शटर १/५० ठेवा, नाहीतर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवरचे दिवे पडद्यावर लपलपतात. आणि जुन्या मोटरची लेन्स फोकस करताना घर्र-घर्र करते, तो आवाज ऐन करुण प्रसंगात मध्ये येतो. एसटीएमसारखी शांत मोटर असलेलीच घ्या.

याच पन्नासने वेड लागतं ते वेगळं. “दादा, मागचं ब्लर पायजे.” अरे, मागे भामरागड आहे! पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती जिथे मिळतात तिथे उभं राहून तू तिन्ही नद्या पुसून टाकणार?

उन्हाळ्यात भानगड उलटी. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या पुढे सहज जातो, आणि उजेड इतका की १/५० शटर आणि आयएसओ १०० वर छिद्र एफ २२ पर्यंत बंद करावं लागतं. एफ २.८ वर काम करायचं तर सहा स्टॉप उजेड अडवायला हवा, म्हणजे एनडी ६४ चा फिल्टर. वाइड लेन्सवर स्वस्त व्हेरिएबल एनडी लावलात तर आभाळात काळी फुली उमटते. त्यापेक्षा ठरावीक आकड्याचा साधा फिल्टर बरा. लेन्स घेताना फिल्टरचा व्यासही विचारा. दोन लेन्सचा सारखा निघाला तर पैसे वाचतात.

वाघाकडे येतो, नाहीतर लोक म्हणतील टाळलं. २५० मिलिमीटर एपीएस-सीवर ४०० सारखी दिसते, आणि जिप्सीत हातात धरून तिचा व्हिडिओ म्हणजे भूकंप. लेन्समध्ये ऑप्टिकल स्थिरीकरण हवंच. शिवाय कापडी पिशवीत धान भरून ती जिप्सीच्या दांडीवर ठेवा, तिच्यावर लेन्स टेका आणि चालकाला इंजिन बंद करायला सांगा. एप्रिल-मेच्या दुपारी ताडोबाच्या तळ्यापलीकडचं जनावर कितीही महागड्या लेन्समधून थरथरत, विरघळल्यासारखंच दिसतं. तो तापलेल्या हवेचा दोष, लेन्सचा नाही. सकाळची फेरी घ्या. धुळीच्या रस्त्यावर लेन्स बदलू नका. गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद, मंगळवारी बंद; वर्षात तुमच्या वाट्याला सफारी येणार किती? तेवढ्यासाठी नागपुरातून टेली भाड्याने आणलेली परवडते. आणि जवळ आखूड लेन्स असेल तर “गाडी अजून जवळ घे” असा धोशा लावू नका. गाईडवर कारवाई झाली तर त्याची रोजी जाते, तुमचा फक्त व्हिडिओ जातो. वाघ लहान दिसला तर दिसू द्या. जंगल मोठं दिसेल.

टेलीचं माझं खरं भांडण वेगळ्याच कारणाने आहे. तिच्यामुळे न विचारता दुरून माणसं टिपायची सवय लागते. गडचिरोलीत माडिया गावांत रेला नाच चालू असताना झाडामागून पोरींवर लेन्स रोखून बसलेले पाहुणे मी पाहिले आहेत. वाइड लेन्सला ती सोय नाही. जवळ जावं लागतं, जवळ गेलं की बोलावं लागतं, बोललं की विचारावं लागतं, आणि ‘नको’ आलं तर झाकण लावून बसावं लागतं. बसलं की बहुधा मोहाचे लाडू नाहीतर चहा तरी मिळतो.

माझा क्रम असा : आधी कॉलरचा माइक, मग वाइड, मग पन्नास, टेली भाड्याने. कॅमेऱ्यापेक्षा माइक आधी, हे मूलच्या त्या मुलाने मान्य केलं, म्हणून त्याचं चॅनल चालू आहे.

जुनी लेन्स घ्यायला नागपूरच्या सीताबर्डीला जाणार असाल तर खिशात छोटी टॉर्च ठेवा. दोन्ही झाकणं काढून मागून उजेड टाका आणि पुढून तिरकं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक नक्षी दिसली तर ती बुरशी; आपल्याकडच्या पावसाळ्यात बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सला ती हमखास धरते. भाव कितीही पाडून मिळाला तरी सोडा. स्वतःची लेन्स जूनपासून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा आणि पुड्या मधूनमधून बदला. आणि स्वतःचं मेमरी कार्ड न्या. दुकानाच्या दारात उभं राहून दोन मिनिटांचा व्हिडिओ त्याच लेन्सने घ्या, बोलत, चालत, मग समोरच्या टपरीवर चहा घेत तो लॅपटॉपवर पूर्ण पाहा, आवाजासकट. पैसे त्यानंतर.