घंटा मागे राहिल्यानंतर

आपल्या निवासी विद्यालयाचा दिवस घंटेने सुरू होतो आणि घंटेनेच संपतो. पहाटेची बुद्धवंदना, न्याहारी, तासिका, सायंकाळचे खेळ, रात्रीचा अभ्यास या प्रत्येकाची वेळ ठरलेली असते आणि ती पाळून घेणारे कोणीतरी असते. पुढे विद्यार्थी लातूर, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्यास जातो, तेव्हा ही घंटा मागे राहते. पहिल्या सत्रात तीन विषय राहिलेल्या एका माजी विद्यार्थ्याने आम्हांस सांगितले, "सर, अभ्यास अवघड नव्हता, तो करायचा केव्हा, हेच कळले नाही." बुद्धीने कोठेही उणी नसलेली मुले नेमकी येथे अडतात, असा आमचा अनुभव आहे. ज्या घरातून प्रथमच कोणी महाविद्यालयाची पायरी चढले आहे, त्या घराला एक वर्ष वाया जाणे परवडत नाही. म्हणून हा विषय येथे मांडत आहोत.

परळच्या चाळीतील एका खोलीत बाबासाहेब शिकत होते, तेव्हा वडील रामजी सुभेदार त्यांना रात्री लवकर झोपवीत आणि पहाटे दोन वाजता उठवीत. कुटुंबाचा वावर सुरू होण्यापूर्वीची शांतता अभ्यासासाठी मिळावी, हा त्यामागील हेतू. १९१३ साली वडील निवर्तले आणि त्याच वर्षी बाबासाहेब बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. तेथे उठविणारे कोणी नव्हते, आणि शिष्यवृत्तीची मुदत होती तीन वर्षे. या काळात कोलंबिया विद्यापीठात त्यांनी एकट्या अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले. १९१५ मध्ये एम. ए. झाले. पुढे लंडनचे शिक्षण शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ मध्ये अर्धवट सोडावे लागले. मुंबईस सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून, पैसे साठवून ते १९२० मध्ये परतले आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. झाले. मोजक्या दिवसांचा हिशेब त्यांनी स्वतः ठेवला. वडिलांनी लावलेली सवय त्यांनी स्वतःची करून घेतली, हेच आपल्या विद्यार्थ्यांनी घ्यावयाचे.

हा हिशेब आजच्या विद्यार्थ्यालाही मांडता येतो. नव्या शैक्षणिक आराखड्यात एक श्रेयांक म्हणजे एकूण तीस तासांचे अध्ययन धरले आहे. तात्त्विक विषयात त्यांपैकी पंधरा तास वर्गातील अध्यापनाचे असतात. सत्राला वीस श्रेयांक आणि साधारण पंधरा आठवडे धरले, तर आठवड्याला चाळीस तास होतात : वीस वर्गात आणि वीस स्वतःच्या बैठकीत. प्रात्यक्षिकांचे गणित थोडे वेगळे असते, परंतु मूळ मुद्दा तोच. वर्गात बसणे हा निम्माच अभ्यास आहे. आठवड्याचे तास १६८. रोज सात तासांप्रमाणे झोपेचे ४९ आणि अभ्यासाचे ४० वजा केले, तरी ७९ तास उरतात. स्वयंपाक, एसटीचा प्रवास, अर्धवेळ काम आणि मोबाईल हे सर्व त्यांत बसते. मात्र आधी अभ्यासाचे तास बाजूला काढले तरच. सोमवार ते शनिवार रोज तीन तास आणि रविवारी उजळणीसाठी दोन, इतके केले की वीस तास भरतात. हे तास कागदावर लिहून भिंतीवर लावावेत. तीच नवी घंटा.

आता अभ्यास कसा करावा, याविषयी. औरंगाबादेत १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सुरू केलेल्या महाविद्यालयास बाबासाहेबांनी 'मिलिंद' हे नाव दिले. मिलिंद राजा भन्ते नागसेनांना प्रश्न विचारीत असे. तसे प्रश्न विद्यार्थ्याने स्वतःला विचारावेत. धडा एकदा समजून वाचावा, पुस्तक मिटावे, काय आठवते ते कोऱ्या कागदावर लिहावे आणि मग पुस्तक उघडून चुका तपासाव्यात. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढे गेले. पुन्हा वाचताना 'हे मला येते' असा भास होतो. परीक्षेत तो टिकत नाही.

उजळणीलाही वेळ असते. वाफसा असताना पेरणी करावी लागते, हे आपल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. शिकविलेला भाग त्याच दिवशी वीस मिनिटे, मग तिसऱ्या दिवशी, मग रविवारी आणि पुढे महिनाअखेरीस आठवून पाहावा. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून केलेल्या पाठांतराने हे साधत नाही. अतिश्रमाने थकलेल्या सोण नावाच्या भिक्खूस तथागतांनी वीणेचा दाखला दिला होता. तार फार ताणली तरी वीणा वाजत नाही आणि सैल सोडली तरी वाजत नाही. पुरेशी झोप हा त्यामुळे अभ्यासाचाच भाग समजावा.

पालकांनाही नम्र विनंती आहे. आपल्या जिल्ह्यात सोयाबीनची काढणी, ऊसतोडीला निघण्याची तयारी आणि पहिल्या सत्राची परीक्षा मागेपुढेच येतात. घरची अडचण आम्ही जाणतो. तरीही परीक्षेपूर्वीचे तीन आठवडे मुलाला किंवा मुलीला गावी बोलावू नये. परीक्षेचे वेळापत्रक मागवून घेऊन घरातील कामांची आखणी त्याप्रमाणे करावी. मुलगी शिकत असेल, तर सुटीत घरी आल्यावरही तिचे तीन तास स्वयंपाकघराने घेऊ नयेत.

माजी विद्यार्थ्यांकडून आमची अपेक्षा लहान आहे. आपण ज्या शहरात आहात, तेथे या वर्षी विद्यालयातून गेलेला एखादा विद्यार्थी शोधावा. दर रविवारी सायंकाळी त्याला फोन करून एवढेच विचारावे : या आठवड्यात वीसपैकी किती तास झाले? एका सत्रानंतर हा फोन करण्याची गरज उरू नये. स्वयंप्रकाशित व्हा, हा धम्माचा उपदेश आपण वंदनेनंतर अनेकदा ऐकला आहे. वसतिगृहाच्या खोलीत, कोणीही न उठविता, पहाटे दिवा लावणारा विद्यार्थी तो आचरणात आणत असतो.